पाठमोऱ्या माणसांची चित्रं

आमच्या घरात भिंतीवर माणसाचा चेहरा लावायची पद्धत नव्हती. अब्बा नमाज पढायचे ती माजघराची भिंत तर सोडाच, पडवीतसुद्धा कॅलेंडर यायचं ते नुसत्या तारखांचं. एकदा म्हसळ्याच्या दुकानदाराने गुबगुबीत बाळाचं कॅलेंडर भेट दिलं, तेव्हा अब्बांनी कात्रीने बाळ वेगळं केलं आणि तारखा तेवढ्या खिळ्याला अडकवल्या. बाळ फेकवेना म्हणून ते तांदळाच्या डब्याच्या तळाशी, कागदाखाली ठेवून दिलं. अब्बा असे होते. नियम मोडायचे नाहीत, पण नियमात जे बसत नाही त्याला घराबाहेरही काढायचे नाहीत. अम्मा डबा धुवायला काढायची तेव्हा बाळ पुसून पुन्हा जागेवर ठेवायची.

माझा भाऊ इस्माईल माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. मी त्याला भाई म्हणायची. आमच्या गावात प्रत्येक घरातला एक तरी पुरुष बोटीवर नाहीतर आखातात असायचा, तसा आमच्या घरातला भाई मालवाहू बोटीवर खलाशी होता. अब्बाही तरुणपणी बोटीवरच होते. गुडघे गेले तेव्हा परत येऊन नारळ-सुपारीची वाडी बघू लागले. भाई पहिल्या सफरीला गेला तेव्हा मी त्याला परदेशातली चित्रं पाठव म्हणून सांगितलं होतं. बंदरावरच्या खलाशांच्या क्लबात कार्डांची चळत असायची, जुन्या चित्रकारांच्या चित्रांची छापील कार्डं. त्यातून तो निवडायचा, पण निवडताना त्याच्या डोक्यात मी नसायची, अब्बा असायचे. चेहरा दिसला की कार्ड बाद. त्यामुळे माझ्याकडे जी कार्डं आली ती सगळी पाठमोऱ्या माणसांची. धुक्यात शिरणारी घोडागाडी आणि हाकणाऱ्याची पाठ. पडक्या कमानीखाली उभा मेंढपाळ, तोंड तिकडे. वादळात सापडलेलं गलबत आणि खडकावरून बघणारी चार-पाच माणसं, सगळी मागून. अब्बा प्रत्येक कार्ड डोळ्यांजवळ धरून तपासायचे आणि म्हणायचे, "तोंड न्हाय ना दिसत? मग राहू दे." मग मी खळ लावून ते कपाटाच्या दाराला आतून चिकटवायची.

भाईचं पत्र आलं की घरात सणासारखं व्हायचं. पोस्टमन सायकल वाडीच्या फाटकाला, बेड्याला टेकवायचा, त्या खडखडाटावरून अम्मा ओळखायची आणि हात पुसत बाहेर यायची. तिला अरबी अक्षरं येत होती, रोज पहाटे फजरच्या नमाजानंतर ती कुराण वाचायची, पण मराठी अक्षर तिला ओळखता येत नसे. म्हणून पत्र वाचायचं काम माझं, आणि उत्तर लिहायचंही माझं. उत्तर लिहायचा दिवस शुक्रवार. दुपारचं जेवण आटोपलेलं असायचं, तांदळाच्या भाकऱ्यांची परात पालथी घातलेली, मागच्या दारी सुकत घातलेल्या बोंबलांचा वास घरभर. अम्मा विळीवर बसून नारळ खवायची आणि खवता खवता सांगायची. मी निळ्या हवाईपत्रावर लिहायची. ती बोलायची आमच्या बोलीत आणि मी लिहायची पुस्तकी मराठीत, त्यामुळे तिचं सांगणं आणि माझं लिहिणं यांत पहिल्यापासून थोडी फट होती. 'जेवतोस का धड' याचं मी 'प्रकृतीची काळजी घेत जा' करायची. लिहून झालं की मी तिला वाचून दाखवायची, आणि ती म्हणायची, "माझाच बोलणं हाय, पन साडी नेसून आलाय."

मी तालुक्याच्या कॉलेजात इंग्रजी साहित्य घेतलं ते अब्बांच्या भरवशावर. गावातल्या मुलींमधून एस.टी.त बसून रोज कॉलेजला जाणारी मी पहिलीच. अब्बांना लोक विचारायचे, एवढं शिकून काय करणार, आणि अब्बा म्हणायचे, "पत्र लिवते." त्यांना खरंच एवढंच अपेक्षित होतं की काय, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. पहिलं वर्ष कसंबसं गेलं. दुसऱ्या वर्षी स्वच्छंदतावाद आला, सर ज्याला रोमँटिसिझम म्हणायचे, आणि मी बुडाले. कवितेतला शब्द न् शब्द डिक्शनरीत बघून लिहून काढायची, तरी कविता हाती लागायची नाही. एक माणूस डोंगरावर जातो, ढग बघतो, त्याला रडू येतं. का येतं? आमच्याकडे डोंगर होते, ढग होते, समुद्र तर परसात होता, आणि त्याकडे बघून कोणी रडल्याचं मला आठवत नव्हतं.

शिकवायला वैद्य सर होते. घाटावरचे, एकटे, इथल्या दमट हवेने सतत खोकणारे. एक दिवस वर्गात कोणालाच काही कळत नाहीये हे पाहून त्यांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "शब्द राहू द्या. आधी चित्र बघा." त्यांच्याजवळ चित्रांचं एक जाड पुस्तक होतं, काळंपांढरं, पानं ओलीने फुगलेली. त्यातलं एक पान त्यांनी बाकांमधून फिरवलं. एका कड्याच्या टोकाला माणूस उभा, आपल्याकडे पाठ. मी बघितलं आणि न राहवून म्हटलं, "सर, अशी माझ्या घरी पुष्कळ आहेत." वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी मी कपाटाच्या दारावरून कार्डं पाण्याने सोडवून, वाळवून नेली. सर बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "तुमच्या भावाला या गोष्टींची फार चांगली जाण आहे." मी होय म्हटलं. अब्बांचा नियम सांगायची मला लाज वाटली.

सरांनी ती कार्डं वर्गात एकामागून एक दाखवली आणि त्या तासाला मला जे कळलं ते पुढे पस्तीस वर्षं मी शाळेत शिकवत आले. ते म्हणाले, याच्या आधीच्या चित्रांत माणूस मध्ये असायचा आणि डोंगर मागे पडद्यासारखा. इथे डोंगर मोठा झाला आणि माणूस लहान. पण चित्र डोंगराचं नाही. चित्रकाराने माणसाची पाठ दाखवली ती यासाठी, की त्याच्या जागी तुम्ही जाऊन उभं राहावं. कविताही हेच करते. ती ढगाचं वर्णन करत नाही, ढगासमोर उभ्या असलेल्या माणसाला आत काय होतंय ते सांगते. धुकं आहे कारण त्याला पुढचं दिसत नाही. पडकी कमान आहे कारण त्याचं काहीतरी गेलंय. वादळ भयंकर आहे आणि तरी त्याचे डोळे तिथून हटत नाहीत, कारण एवढ्या मोठ्या गोष्टीसमोर आपण क्षुद्र आहोत हे कळायलाही मन मोठं लागतं. घरी येऊन मी एकेक कविता एकेका कार्डाशेजारी ठेवून वाचली आणि त्या भराभर उलगडत गेल्या. मग कार्डं पुन्हा कपाटाच्या दाराला चिकटवली. आज मुलं फोनवर चित्र दोन बोटांनी एवढं मोठं करतात की रंगाच्या भेगा दिसतात, आणि मला विचारतात, मॅडम, यात काय बघायचं? मी सांगते. पण त्या वयात मी निम्मंच ऐकलं होतं, ते मात्र त्यांना सांगत नाही.

निम्मं म्हणजे असं, की मला डोंगर, धुकं, वादळ आणि एकांत एवढंच ऐकू आलं. मी एकदम शिष्ट झाले. किनाऱ्यावर जाऊन उगाच एकटी उभी राहायला लागले, ओढणी वाऱ्यावर सोडून. वाडीत सुपाऱ्या वेचायला बोलावलं की मला ते फार क्षुल्लक वाटायचं. त्याच सुमारास भाईचं एक कार्ड आलं. राखाडी समुद्र, ओला किनारा, आणि लांब कोट घातलेला एक माणूस पाण्याकडे तोंड करून. मी अम्माला समजावून सांगायला बसले. अम्माने ओले हात पदराला पुसले, कार्ड उजेडात धरलं.

"हा कोनाची वाट बघतो?" तिने विचारलं.

"कोणाची नाही. तो अनंताकडे बघतोय."

"मग घरी का न्हाय जात? कोटाची कॉलर बघ वर केलीय. किती थंडी असंल तिथं." तिने कार्ड परत दिलं आणि म्हणाली, "याला कोनी हाक मारली न्हाय वाटतं."

मी हसले, आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजात मैत्रिणींना हा विनोद म्हणून सांगितला.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी भाईचं लांबलचक पत्र आलं. तो एरवी चार ओळींच्या वर लिहीत नसे. बोट जुनी आहे, लिहिलं होतं त्याने, उत्तरेच्या समुद्रात फिरतेय, पहाऱ्यावर पुढे उभा राहतो तेव्हा लाटा डोक्यावरून जातात. बरोबरचा एक जण घसरून पाय मोडून बसला. माझा करार संपत आलाय. पुढच्या सफरीसाठी सही कर म्हणून कंपनी मागे लागलीय. मला करावीशी वाटत नाही. खोटं कशाला बोलू, जैनू, मला भीती वाटते. पण अब्बांनी एवढी वर्षं काढली, मी मध्येच आलो तर गाव काय म्हणेल. अम्माला विचार, येऊ का. ती सांगेल तसं करीन.

मी हे सगळं मोठ्याने वाचलं. अब्बा पडवीत होते, ते आत आले नाहीत, पण त्यांच्या सुपारी कातरायच्या अडकित्त्याचा आवाज थांबला. थोड्या वेळाने ते तिथूनच म्हणाले, "आईला विचारलंय ना त्याने. आई सांगंल." शुक्रवारची वाट न बघता अम्मा विळीवर बसली. नारळ हातात नव्हता, नुसतीच बसली. आणि म्हणाली, "लिव. पोरा, पुरे झाला. सामान बांध नि ये. अब्बा काय बोलनार न्हाय. गाव बोलंल तर मी हाय. हितं भाकरी हाय, मासळी हाय, वाडी हाय. तू ये. एवढाच लिव."

एवढंच. मी लिहायला बसले आणि मला ते सांगणं फार साधं वाटलं. माझा भाऊ जगाच्या टोकावर, वादळासमोर उभा होता, मी ज्याबद्दल पुस्तकातून वाचत होते ते तो रोज बघत होता, आणि त्याला मी भाकरी-मासळीचं लिहू? मी लिहिलं की तू जिथे उभा आहेस तिथे उभं राहायला मोठमोठे कवी झुरले. लिहिलं की भीती ही मनाच्या मोठेपणाची खूण असते. एकांताला भिऊ नकोस, समुद्र ज्याला बोलावतो त्याला तो घडवतो. आणि हे माझं म्हणून लिहिलं असतं तर त्याने हसून सोडून दिलं असतं, म्हणून प्रत्येक दोन वाक्यांनंतर लिहिलं, 'अम्मा म्हणते'. अम्मा म्हणते, धीर धर. अम्मा म्हणते, समुद्र तुला मोठं करील. 'ये' हा शब्द शेवटी घालायचा होता. हवाईपत्राला तीन घड्या असतात, तेवढीच जागा, आणि ती संपली. कित्येक वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले की जागा संपली. जागा होती. कडेला दोन बोटं समास सुटला होता आणि मुळात पोस्टात दुसरं हवाईपत्र मिळत होतं. पण तो एक शब्द लिहिला असता तर वरचं सगळं पत्र फुकट गेलं असतं, आणि ते मला फार आवडलं होतं.

त्या दिवशी पत्र वाचून दाखव म्हणून अम्माने सांगितलं नाही. ती उठून वाडीत गेली होती. मी डिंक लावून पत्र बंद केलं आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या वाटेवर पेटीत टाकलं.

दीड महिन्याने उत्तर आलं, नेहमीचं चार ओळींचं. 'पत्र मिळालं. अम्माच्या बोलण्याने फार धीर आला. तिला असं काही वाटत असेल हे माहीत नव्हतं. सही केली आहे.' पत्र हातात घेऊन मी अम्मासमोर उभी होते. मी वाचलं, "पत्र मिळालं. सही केली आहे." मधल्या दोन ओळी मी गिळल्या. अम्मा चुलीपुढे होती. तिने भाकरी उलटली, ती फुगेपर्यंत थांबली, उतरवली. मग म्हणाली, "मी ये म्हनून सांगितलेला ना?"

"व्हय," मी म्हटलं.

"बरोबर लिवलीस ना?"

"व्हय, अम्मा."

भाई त्या सफरीवरून आला नाही. बोट परत आली, बाकीचे सगळे आले. पुढच्या डेकवर दोर बांधायला गेला असताना लाट आली एवढंच त्याच्याबरोबरच्या खलाशाने नंतर येऊन सांगितलं. आधी तार आली होती आणि ती इंग्रजीत होती, म्हणून तीही मीच वाचली. मय्यत नव्हती, देहच मिळाला नव्हता, म्हणून गावाने गायबाना नमाज पढली. अब्बा गुडघ्यांमुळे खुर्चीवर बसून पढायचे, त्या दिवशी ते उभे राहिले. घरात बायकांची रांग लागली होती, कोणी सांदणं आणत होतं, कोणी दूध. मी कपाट उघडलं की दाराच्या आत ती सगळी पाठमोरी माणसं दिसायची. चौथ्या-पाचव्या दिवशी मी ती बघितली आणि त्यांतल्या एकालाही आपण कधी पाहिलंच नव्हतं हे मला कळलं. धुकं पाहिलं होतं, कमान पाहिली होती, लाट पाहिली होती. सर सांगत होते की चित्र डोंगराचं नाही. अम्मा, जिला मराठी अक्षर येत नव्हतं, तिने एका नजरेत कॉलर बघितली होती, थंडी बघितली होती. त्या कविता रडतात त्या ढगासाठी नव्हे, ढगाखाली एकट्या पडलेल्या माणसासाठी रडतात, आणि हे मला परीक्षेच्या आधी तीन आठवडे, घर लोकांनी भरलेलं असताना समजलं. त्या पेपरात मला कॉलेजात सर्वांत जास्त मार्क मिळाले.

काही महिन्यांनी कंपनीकडून भाईची पेटी आली. त्यात दोन स्वेटर, दाढीचं सामान, नमाजाचा मुसल्ला, आणि एका प्लास्टिकच्या पिशवीत आमची सगळी पत्रं, तारीखवार लावलेली. सही कळल्यावर पाठवलेलं त्याला पोचलंच नव्हतं, म्हणून माझं ते हवाईपत्र सगळ्यांत वर होतं. घड्यांवर इतक्या वेळा उघडलेलं की कागद तिथे कापडासारखा झाला होता. अम्माने पिशवी उघडली, वरचं पत्र काढलं आणि माझ्या हातात दिलं.

"हा शेवटचा ना? वाच. मी काय सांगितलेला ता वाच."

अब्बा शेजारी बसले होते. मी पत्र उघडलं. माझंच अक्षर, सुरेख, एका रेषेत. 'समुद्र ज्याला बोलावतो' या ओळीखाली भाईने पेन्सिलने रेघ मारली होती. मी त्या रेघेवर नजर ठेवली आणि वाचलं, "पोरा, पुरे झाला. सामान बांध नि ये. अब्बा काही बोलणार नाहीत. गाव बोललं तर मी आहे. इथे भाकरी आहे, मासळी आहे, वाडी आहे. तू ये." तिचा शब्द न् शब्द मला पाठ होता. आजही आहे. अब्बांना मराठी वाचता येत होतं. ते माझ्या उजव्या हाताला, पत्राच्या अगदी जवळ बसले होते. चष्मा त्यांनी लावला होता की नव्हता, हे मला कितीही आठवलं तरी आठवत नाही. मात्र त्यानंतर गावात कोणी विचारलं तर 'पत्र लिवते' असं ते माझ्याबद्दल कधी म्हणाले नाहीत.

अम्माने पत्र माझ्या हातून घेतलं आणि घडी घातली. "एवढा सांगून पन न्हाय आला," ती म्हणाली.

तेव्हापासून तिच्या मनात त्याच्याबद्दल एक रुसवा बसला. दुःखापेक्षा तो जास्त दिसायचा. ईदला बायका जमल्या आणि कोणी भाईची आठवण काढली की ती म्हणायची, पोर मायाळू होता, पन आईचा ऐकनारा न्हवता. मी तिथेच असायची. पुढे मी नोकरीला लागले, लग्न झालं, मुलं झाली, अब्बा गेले, चक्रीवादळात वाडी आडवी झाली आणि जागा विकत घेणाऱ्यांनी तिथे पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या, पण ते वाक्य ती बोलतच राहिली आणि मी चहाचे कप गोळा करून आत जात राहिले. दरवेळी वाटायचं, आज सांगावं. मग वाटायचं, या वयात तिला दुसरा घाव कशाला. खरं तर तिच्यावरचा नव्हे, माझ्यावरचाच घाव मी चुकवत होते, एवढं कळण्याइतकं शिक्षण मला मिळालं होतं.

शेवटच्या आठवड्यात ती अंथरुणावरून उठत नव्हती. मी चमच्याने पेज भरवत होते. ती मध्येच थांबली आणि अगदी शांतपणे, उद्या बाजारात कोणाला भेटायचं आहे असं सांगावं तसं म्हणाली, "गेल्यावर इस्माईलला पयला विचारनार हाय. मी एवढा लिवून पाठवला, तू का न्हाय आलास?"

मी पेजेचा चमचा तिच्या तोंडाशी धरला. तिने दोन घोट घेतले आणि पुरे म्हणून मान फिरवली. तीन दिवसांनी ती गेली. त्याला आता काही वर्षं झाली. तिने त्याला विचारलं असणार.